ओटीतले राघू

शामकलेचं लग्न काही केल्या जुळत नव्हतं, तेव्हा कामठ्याच्या वच्छलाबाईंनी नागऱ्याच्या महादेवाला नवस बोलला होता, "देवा, माझ्या बहिणीच्या पोरीचं जमव. मग अक्षता पडेपर्यंत माझ्या घरात मुंगीसुद्धा मरणार नाही." महादेवानं लगेच गोंदियाचं स्थळ धाडलं (देव भोळा खरा, पण कामाला चोख), आणि वच्छलाबाईंच्या यजमानांचे, केवलरामांचे, हाल सुरू झाले. खाटेतले ढेकूण मारायचे नाहीत, अलगद उचलून अंगणात सोडून यायचे.

"ते पायी पायी वापस येऊन रायले वो!" केवलराम कळवळून सांगत.

"येऊ द्या. लग्न झाल्यावर पाहू."

इथवर निभावलं असतं. पण मावशीच्या घरी शामकलेचं गडगनेर करायचं ठरलं. लग्नाआधी नवरीला जेवू घालायचं, ओटी भरायची, एवढंच ते. पण होणाऱ्या सासूबाईंनाही बोलावणं गेलं. या नंदाबाई शहरातल्या. साखरपुड्यातच त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या गोंदियात एका शेठाणीकडं गडगनेराला सब कुछ गुलाबी होतं! साड्या गुलाबी, मिठाई गुलाबी, आणि हर एक बाईला हातानं बनवलेली भेट. तुमच्या गावात कुठून होणार म्हणा!"

वच्छलाबाईंना ते जिव्हारी लागलं. त्यांनी ठरवूनच टाकलं, आपलं गडगनेर राघूचं! लुगडी हिरवी, चटणी हिरवी, आणि प्रत्येकीच्या ओटीत हातचा राघू. राघू कशाचा? रेशमाच्या कोशाचा. कोसा अंगानं गुबगुबीत, वर देठाचं कडं आयतं. हिरवा रंगवून कुंकवाची चोच काढली की टांगायला राघू तयार.

कोसे पाळणारा झामसिंग टोपलंभर कोसे घेऊन आला.

"उकडून देऊ का, बाई? आत किडा जिता हाये."

"नोको रे बाप्पा! माहा नवस हाये."

"मंग फुटन ना ते."

"कवा?"

"मिरगाचं पानी लागलं का."

लग्न मृगाच्या आधीच होतं. वच्छलाबाई निश्चिंत झाल्या.

राघू असे देखणे उतरले की शेजारणी पाहायला येऊ लागल्या. पण ऊन भारी. आतले जीव तलखीनं मेले तर नवसाचं काय? म्हणून वच्छलाबाईंनी टोपल्यावर ओलं पोतं टाकलं आणि सकाळ-संध्याकाळ मायेनं पाणी शिंपडत राहिल्या. (आतल्या बिचाऱ्यांजवळ पंचांग थोडंच असतं? त्यांना वाटलं, मृग लागला.)

गडगनेराची जेवणं झाली, दिवेलागणीला ओट्या भरल्या. नंदाबाईंनी आपला राघू वर धरून पाहिला. "वा समधन! हात में सफाई है!" वच्छलाबाईंना आकाश ठेंगणं झालं.

"मावशी, माह्या राघूची चोच ओली झाली," शामकला हळूच म्हणाली.

"कुंकू पाझरत असन."

"तो हलून रायला वो!"

"लय जेवलीस तू. गप बैस."

तेवढ्यात नंदाबाई किंचाळल्या. त्यांच्या राघूचं डोकं फोडून एक केसाळ, ओलाचिंब, बोटाएवढा पतंग बाहेर आला होता आणि सावकाश त्यांच्या चोळीवर चढत होता. मग अनुसयाबाईच्या ओटीतून दुसरा, रुख्माच्या ओटीतून तिसरा. बाया उठल्या, तांदूळ सांडले, सुपाऱ्या घरंगळल्या. ओसरीवरून कोणीतरी "साप! साप!" म्हणून बोंब ठोकली. (तिनं काहीच पाहिलं नव्हतं.) केवलराम काठी घेऊन धावले. आणि अशा वेळी विहीणबाईंना सावरायचं सोडून वच्छलाबाई काय ओरडल्या? "पाय जपून ठेवा वो! मारू नोका! माहा नवस हाये!"

"समधन मर रही है, और इनको कीडों की पडी है!" नंदाबाई कडाडल्या. त्यांनी ओटी झटकून रिकामी केली. "भरल्या ओटीत किडे घालता? अशा घरची पोरगी नको मले!"

वच्छलाबाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. नवसानं मिळालेलं स्थळ आपल्याच हौसेनं घालवलं! त्यांची मान खाली गेली.

शामकला मात्र उठली. तिनं नंदाबाईंच्या खांद्याला बोट लावलं. "चाल रे बापू, चाल." पतंग मुकाट्यानं तिच्या बोटावर आला. तिनं त्याला खिडकीत ठेवलं. मग दुसरा, नंदाबाईंच्या अंबाड्यातला.

नंदाबाईंनी तिचा दंड गच्च धरला होता. "और है क्या? पाठीवर पाह ना!"

"नाही आता. मी हावो ना, कायले भेता?"

नंदाबाईंनी दम घेतला. पोरीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लडकी जिगरवाली आहे. आमच्या घरी पाल निघाली की सगळे मलेच पुढं ढकलतात. आता ही जाईल पुढं." मग वच्छलाबाईंकडं न पाहताच म्हणाल्या, "पोरगी नेतो मी. पण लग्नात मावशीनं कशालाच हात लावायचा नाही."

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. वच्छलाबाईंनी कशालाच हात लावला नाही. अक्षतासुद्धा दुसरीनं हातावर घातल्या, त्याही नीट निवडून. पंगतीत नंदाबाई एकेका पाहुणीला आणून दाखवत होत्या, "ये देखो, हीच ती कीडेवाली मौसी." वच्छलाबाई दर खेपेला पदर पुढं ओढत होत्या. पाहुण्या संपेनात, तेव्हा पदर संपला.

शामकलेचा संसार मात्र सोन्यासारखा झाला. तेव्हा बायांनो, घरात लग्नाची पोर असेल तर तुम्हीही महादेवाला असाच नवस बोला. देव पावतो. आणि मान मिळो न मिळो, मांडवात तुम्ही कोण, हे कोणालाही विचारावं लागणार नाही.