हळकुंड मोडावं तशी इंग्रजी

आमच्या गल्लीतले किसनमामा इंग्रजी शब्द वाचत नाहीत, मोडतात. हिंगोलीच्या बाजारात त्यांनी उभा जन्म हळद पारखली. हळकुंड कट्‌दिशी मोडायचं, आतला रंग बघायचा, मगच भाव बोलायचा. वरच्या पिवळेपणावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. बाजार सुटला, पण बोटांची खोड सुटली नाही. आता ते मेडिकलच्या काउंटरवर गोळ्यांची नावं मोडतात.

"पॅ... रा... सि... टा... मॉल." एकेका तुकड्याला एकेक टिचकी. मागं रांग तुंबलेली. दुकानदार म्हणतो, मामा, साधी तापाची गोळी आहे. मामा डोळे बारीक करतात. "चोर बी साधाच दिसून राहतो."

मोठं नाव झालं की खालची मुंगीएवढी अक्षरं. तीही शेपटीकडून. मला तर दाट संशय होता, सातवीतून शाळा सोडलेला म्हातारा रांगेसमोर इंग्रजी मिरवतोय. मग मीही मागून टिचक्या वाजवून साथ द्यायचो. रांग हसायची. मामा वळूनही बघत नसत.

गेल्या आठवड्यात गोदामामींचा घसा सुजला. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले, चिठ्ठी नव्या डॉक्टरांची. मामांनी पाकीट उलटं केलं, बोट शेपटीवर ठेवलं.

"लिन... सि..." टिचकी हवेतच थांबली. "वापस घे. हे तिला चालत न्हाई."

दुकानदारानं पुन्हा नाव वाचलं, मुकाट्यानं डॉक्टरांना फोन लावला आणि औषध बदललं.

घराकडे येताना मामाच बोलले. मागं एकदा असल्याच औषधानं मामींचं तोंड सुजलं, श्वास कोंडला. डॉक्टरांनी वाचवलं आणि बजावलं, नावाच्या शेवटी 'सिलिन' असलेलं काही देऊ नका. "तवा मी नाव वाचलंच न्हाई. कॅप्सूलचा रंग लई चांगला होता, बापू."

मी त्यांच्यामागोमाग घरात गेलो. नव्या औषधात अर्धी गोळी घ्यायची होती. मामांनी ती कट्‌दिशी मोडली, उजेडाकडे धरून आत बघितलं.

"निघालं का काही?" मामींनी विचारलं.

"न्हाई. घे."

मामींनी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि त्या सरळ भाकरी थापायला बसल्या. मामा चुलीपाशी पाट ओढून बसले. त्यांचा डोळा मामींच्या ओठांवरून हलेना.

"आता मला बी मोडून बघता काय?" मामी म्हणाल्या.

 दुसरी भाकरी तव्यावर पडेस्तोवर मामांनी पाट सोडला नाही.