मुक्या काट्याची व तोडिल्या वळशाची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास, शारदेस, आणि ज्याच्या एका ठिणगीवर चार सिलिंडर चालतात त्या अग्निदेवास दंडवत करून लेखन आरंभिले. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नाव क्रोधी पडले ते या राज्यापुरते तरी यथार्थ जाहले. लिहिण्याचे कारण ऐसे की, गल्लीत आणि सोयऱ्यांत वदंता उठली, राजांच्या गाडीचा काटा जावईबापूंनी दुरुस्त केला. कोणी म्हणे मिस्त्रीने केला. दोन्ही खोटे. म्हणोन जे घडले ते घडले तैसे लिहिले आहे, पदरचे घातले नाही.

राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. राजे दिनकरराव, वय वर्षे पंच्याहत्तर, आणि त्यांजपाशी एक विलायती गाडी, दोन दरवाजांची, रंग मोरपंखी, पन्नास वर्षांमागे घेतलेली आणि आजवर दुसऱ्याच्या हाती न दिलेली. गाडीत चाकामागे दोन वाटोळी तबके होती. डावे तबक गाडी किती धावते ते सांगे, आणि उजवे तबक इंजिन मिनिटास किती फेरे घेते ते सांगे. या उजव्यासच फेऱ्यांचा काटा म्हणत. काटा चार हजारांवर आला की गिअर बदलावा, सहा हजारांपुढे तांबडी पट्टी, तिकडे जाऊ नये, ऐसा दस्तूर. पूर्वी राजे त्या काट्याकडे ढुंकूनही पाहत नसत, कानाने गाडी हाकीत. परंतु दोन वर्षांमागे कान गेले, आणि कानात यंत्र घातले तर इंजिनाचा नुसता खडखडाट ऐकू येई, म्हणोन ते काढून खिशात ठेवीत. मग सरकारी वैद्याचा दाखला घेतला, दोन्ही बाजूंस मोठे आरसे बसविले, आणि राजे काट्याकडे पाहून गिअर बदलू लागले. हे त्यांनी कोणास सांगितले नाही आणि कोणाच्या ध्यानीही आले नाही, एक कन्या सोडून. कन्या मृण्मयीबाईसाहेब, पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या, त्यांजला अकरा महिन्यांची लेक, नाव सई. मूल जाहल्यापासून बाईसाहेबांची नजर ऐसी जाहली की गॅसचे बटण, दाराची फट, फरशीवरचा शेंगदाणा, काही म्हणता काही सुटेना. त्याच नजरेने त्यांनी पाहिले की गिअर बदलण्यापूर्वी राजांचे डोळे क्षणभर उजव्या तबकाकडे उतरतात आणि पुन्हा रस्त्यावर येतात.

ऐसे चालले असता राजांचे पुत्र शैलेशपंत, जे घरचा सर्व कारभार पाहत, त्यांनी पंच्याहत्तरीची भेट म्हणोन गाडीस नवे इग्निशन किट बसवावयाचे योजिले. जुनी रीत ऐसी की डेलकोच्या, म्हणजे ठिणगी सिलिंडरांस वाटणाऱ्या डब्याच्या, पोटात पॉइंट असत, ते उघडमिट करून ठिणगी पाडीत, आणि दर दोन महिन्यांनी झिजत, मग घासा, मग फट मोजा. नव्या किटास घासणे नाही, मोजणे नाही. हेतू चांगला होता, ते नाकारीत नाही. हणमंत मिस्त्रीस बोलाविले, त्याने एका दिवसात किट बसविले, गाडी पहिल्या चावीस सुरू जाहली, सर्वांनी पेढे खाल्ले. आणि फेऱ्यांचा काटा शून्यावर पडून राहिला तो राहिला. पेढे खाणाऱ्यांपैकी एकानेही तिकडे पाहिले नाही.

पुढे रविवारी राजे नित्याप्रमाणे टेकडीच्या फेऱ्यास निघाले. चढाला पहिला गिअर, आणि तोच गिअर, आणि तोच गिअर. इंजिन ऐसे किंचाळले की दोन्ही बाजूंचे लोक सज्ज्यात येऊन उभे राहिले आणि हसले. ज्या माणसाने पन्नास वर्षे गिअर बदलल्याचे शेजारच्या आसनावर कळू दिले नाही, त्यास लोक हसले. शैलेशपंतांनी त्याच दुपारी किल्ली आपल्या कपाटात ठेविली आणि सर्वांदेखत निवाडा दिला की, आबांचे हात गेले, आता गाडी चालविणे नाही. इतक्यावर थांबते तरी सोसते. त्यांनी मंगल कार्यालयाच्या मालकाशी बोलणे लाविले की, गाडी तुमच्या दारात फुले लावून उभी करू, नवरानवरीने टेकून फोटो काढावा, इंजिन चालले न चालले सारखेच. रविवारी, वद्य सप्तमीस, नेण्याचे ठरले. राजांस हे कागदावर लिहून दाखविले. राजांनी वाचले, कागदाची घडी केली, आणि काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ सर्वांनी संमती ऐसा लाविला. बाईसाहेबांनी तैसा लाविला नाही. त्या म्हणाल्या,

"दादा, आबांचे हात गेले नाहीत. काटा गेलाय. तो चालू झाला की बघ."

शैलेशपंतांनी सांगितले की, बरे, रविवारपर्यंत चालू करून दाखव, मग चढावर परीक्षा घेऊ, आणि किल्ली तुझी. हे ऐसे म्हणाले जैसे सईस खुळखुळा द्यावा.

मग बाईसाहेबांनी हणमंत मिस्त्रीस बोलाविले. मिस्त्री आला, आणि येथून पुढे जे जाहले त्याचा संताप लिहिता लिहिता बोटांत उतरतो. प्रश्न बाईसाहेबांनी विचारावा आणि उत्तर मिस्त्रीने जावई कौस्तुभरावांकडे पाहून द्यावे. कौस्तुभराव भला माणूस, परंतु गाडीविषयी ज्ञान इतकेच की पेट्रोलचे झाकण कोणत्या अंगास आहे, आणि तेही दोनदा चुकलेले. मिस्त्री त्यांजला समजावी की साहेब, हा काटा शोभेचा, इंजिन एक नंबर आहे, काट्यावाचून कोणाचे अडत नाही, ताईंना उगीच काळजी, लहान मूल आहे ना, होते ऐसे. कौस्तुभराव मान डोलावीत. मग किट विकणाऱ्या पेढीच्या वकिलास, म्हणजे गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या माणसास, फोन लाविला. बाईसाहेबांनी विचारले की तुमचे किट लाविल्यावर जुन्या धाटणीचा काटा चालतो किंवा नाही, आणि नाही तर उपाय काय. वकील म्हणाला,

"मॅडम, जरा टेक्निकल आहे. सरांना फोन देता का?"

बाईसाहेबांनी फोन सरांस दिला. सर म्हणाले, हॅलो, आणि मग बाईसाहेबांकडे पाहू लागले की पुढे काय बोलू. त्या कुजबुजतील ते वाक्य सरांनी फोनात बोलावे, आणि वकिलाने सर, उत्तम प्रश्न, ऐसे म्हणोन उत्तर द्यावे! तोच प्रश्न. शब्दही तेच. निष्पन्न इतके जाहले की, जुन्या काट्यांत काही ऐसे आहेत की ते कॉइलकडे, म्हणजे ठिणगीस जोर देणाऱ्या गुंडाळीकडे, जाणारा करंट मोजून चालतात, आणि किट ठिणगी निराळ्या रीतीने पाडते म्हणोन त्यांस तो कमी जाणवतो, उपाय ज्याचा त्याने पाहावा.

येवढा धागा बाईसाहेबांस पुरे जाहला. गुरुवारी दुपारी सईस राजांच्या मांडीवर दिले, बॅटरीची तार सोडविली, आणि पुढचे आसन मागे सारून त्या पाठीवर निजून तबकांखाली शिरल्या. कौस्तुभरावांस टॉर्च धरावयास सांगितले. काट्याच्या डब्यामागे एक लहान प्लास्टिकची कमान होती, जैसी वेस असते तैसी, आणि त्या वेशीत काहीच नव्हते. शेजारी पांढऱ्या वायरीची दोन तोंडे चिकटपट्टीत गुंडाळून ठेविलेली. त्यांनी मिस्त्रीस पुन्हा बोलाविले आणि ही तोंडे कोणी कापली ऐसे विचारले. मिस्त्रीने या खेपेस बाईसाहेबांकडे पाहून उत्तर दिले, कारण कौस्तुभराव टॉर्चसह आसनाखाली अडकले होते.

"मीच की. ती वायर काही करतच नव्हती, ताई. स्क्रू नाही, जोड नाही. चावीकडून निघायची, डब्यामागे त्या कमानीतून वळसा घालून परत यायची, मग कॉइलला. नुसता वळसा. म्हणून सरळ मारली."

आता वाचणाराने विचार करावा. कॉइलकडे जाणारा जासूद मुद्दाम आडवाटेने नेऊन चौकीसमोरून काढिला होता. तो चौकीस शिवत नसे, काही देत नसे, काही घेत नसे, नुसता समोरून जाई. आणि चौकीदार त्याची प्रत्येक फेरी मोजून काटा हालवी. तीस वर्षे इंजिने उघडणाऱ्या माणसाने पाहिले की ही कशास जोडलेली नाही, सबब हिचे काम नाही, आणि कापिली. आणि चौकी आंधळी जाहली तो दोष कोणावर, तर पंच्याहत्तर वर्षांच्या हातांवर.

मिस्त्री मनाचा खोटा नव्हता. हे समजताच त्याने स्वतःच्या कानाची पाळी धरिली आणि नवी पांढरी वायर आणिली. शुक्रवारी तार वेशीतून एक वळसा घालून पूर्ववत केली. शैलेशपंतांकडून तेवढ्यापुरती किल्ली घेऊन गाडी सुरू केली, काटा पाचशेपर्यंत थरथरला आणि पडला. किटाची रीत निराळी, तेव्हा एका वळशाची हाक चौकीदारास पुरेना. बाईसाहेब म्हणाल्या तीन वळसे घाला. तीन घातले, तो काटा उभ्या गाडीत सतराशेवर जाऊन नाचू लागला, एक ठिणगी दोनदा मोजू लागला. शैलेशपंत तेथे उभे होते, ते म्हणाले की वा, गाडी जागच्या जागी शर्यत जिंकली. बाईसाहेबांनी एक वळसा काढविला. दोन ठेविले. मग राजांस बोलाविले. राजांनी काट्याकडे न पाहता तळहात बॉनेटवर ठेविला, डोळे मिटिले आणि म्हणाले, "साडेआठशे. नऊशेच्या आत." मिस्त्रीने आपले हातातले मीटर लाविले, ते आठशे साठ म्हणाले. गाडीतला काटा आठशे आणि नऊशेच्या मधोमध, सुई रोविल्यासारखा स्थिर. शैलेशपंत म्हणाले की ठीक आहे, उभ्या गाडीत कोणीही चालवील.

रविवार उजाडला. कार्यालयाचा माणूस झेंडूच्या माळांचे टोपले घेऊन दारात येऊन बसला. राजे चाकामागे बसले. तेव्हा शैलेशपंतांस काय दुर्बुद्धी सुचली न कळे, ते म्हणाले,

"एवढी खात्री आहे ना तुला? मग सईला घेऊन बस."

हे ऐकताच बाईसाहेबांचा चेहरा ऐसा जाहला की मिस्त्री दोन पावले मागे सरला. त्या म्हणाल्या,

"लेकराची पैज लावत नसते मी. ना तुझ्यासाठी, ना आबांसाठी. धर तिला, टोपरं उतरू देऊ नकोस."

आणि सईस भावाच्या हातात देऊन त्या एकट्या राजांशेजारी बसल्या. खात्री होती किंवा नव्हती हे विचारू नये. उजवा हात आसनाच्या कडेस घट्ट धरिला होता, इतके खरे.

गाडी चढास लागली. सज्ज्यांत लोक उभेच होते. काटा दोन हजार, तीन, साडेतीन, आणि राजांचे डोळे क्षणभर उतरले आणि रस्त्यावर आले, आणि दुसरा गिअर पडला तो बाईसाहेबांस हिसका म्हणोन जाणवला नाही. मग तिसरा. वळणावर पुन्हा दुसरा. इंजिन एकदाही ओरडले नाही, आणि सज्ज्यातले लोक हसावयाचे ते तोंड उघडून तैसेच राहिले. टेकडीच्या माथ्यावर राजांनी गाडी थांबविली, इंजिन बंद केले, खिशातले यंत्र काढून कानात घातले आणि पुसले की, ओरडले का. बाईसाहेब म्हणाल्या, नाही. मग राजे चाकाकडे पाहत म्हणाले,

"कान गेले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी येऊन सांगितलं. काटा बंद पडला हे कोणीच बोललं नाही. मला वाटलं, काटा फिरतोय, मलाच दिसत नाही. म्हटलं, आता डोळेही गेले. म्हणून कागदावर काही बोललो नाही."

बाईसाहेबांनी यावर काय म्हटले ते लिहीत नाही. काही वेळाने गाडी उतरली. अंगणात शैलेशपंत सईस कडेवर घेऊन उभे होते, टोपरे जागेवर होते. त्यांनी गाडी येताना ऐकिली होती. किल्ली राजांपाशीच होती, ती मागावयास त्यांचा हात पुढे जाहला नाही. राजांनी माथ्यावर बोललेले बाईसाहेबांनी त्यांजला बाजूस नेऊन सांगितले. त्यांनी दारातल्या माणसास माळा परत न्यावयास सांगितले. मिस्त्रीने सर्वांदेखत म्हटले की वळसा मी तोडिला होता. कौस्तुभरावांनी म्हटले की मी टॉर्च धरिली, दुसरे काही नाही. तरी गल्लीने ठरविले की जावईबापू विनयशील आहेत, आणि आजही दुकानात त्यांजलाच काट्याचा उपाय पुसतात.

येणेप्रमाणे हकीकत. सारांश इतकाच की, एक तार कशास जोडलेली दिसेना म्हणोन तिचे काम नाही ऐसे ठरले, आणि एका माणसाचे हात, आणि त्याच्याच मनात त्याचे डोळे, तेवढ्यावरून गेले. बाईसाहेबांनी मागच्या आसनास पट्टे लावून घेतले, लहान मुलाची खुर्ची त्यांत आवळली, तीनदा ओढून पाहिली. पौष मासाच्या पहिल्या रविवारी सईबाई त्या खुर्चीत बसून टेकडीस गेल्या. पैजेवर नव्हे, फिरावयास. लेखनसीमा.