लाल फितीची टर्की

भट्टीत टांगलेली छाती कोंबडीची नाही, हे सेवेरोला झाकण लावता लावता कळलं. कोंबडीची छाती मुठीएवढी असते. ही चांगली उशीएवढी होती.

"देल्फीना, ही कोंबडी कुठली गं?"

"कोंबडी नाही, टर्की आहे," बायको मक्याच्या भाकऱ्या थापत म्हणाली. "कोंबड्या अंड्यावर आल्यात म्हणे."

"आणि टर्की कुठून आली?"

"अंगणात बांधलेली होती ना."

सेवेरोने झाकण पुन्हा उचलून आत बघितलं.

दर वर्षी गावच्या जत्रेसाठी तो घायपाताच्या मेस्काल दारूला तिसरा कढ देई, तेव्हा चवीसाठी भट्टीत फळं घाली आणि वर वाफेत कोंबडीची छाती टांगी. अंगणातली टर्की मात्र अबुंदिओची होती. ओढ्यापलीकडचा हा भट्टीवाला गेल्या रविवारी तिच्या गळ्यात लाल फीत बांधून घेऊन आला आणि आपल्या मुलासाठी, हासिंतोसाठी, सेवेरोच्या मुलीला, निकोलासाला, मागणी घालून गेला. आठ दिवसांत टर्की परत गेली तर नकार, कापली गेली तर होकार, अशी गावची रीत. मुलीचा बाप स्वतःची टर्की घेऊन मुलाच्या दारात गेला, तर तो होकारावरचा मान. पण एवढं मोठं मन सहसा कुणाचं नसतं.

सेवेरोचा नकार ठरलेला होता. हासिंतो वाईट नव्हता. पण त्याच्या बापाने एकदा भर जत्रेत सेवेरोचा मेस्काल वाटीत ओतला, बुडबुडे टिकले तर माल अस्सल, म्हणून वरचे बुडबुडे निरखले आणि चारचौघांत म्हणाला, "साबण बरा आहे, कपडे निघतील." याला अठरा वर्षं झाली होती. सेवेरो ते रोज सकाळी नव्याने ऐकत असे.

"अहो, पोरीला विचारा तरी," देल्फीना म्हणाली.

"मला साबणवाला ठरवणाऱ्याच्या घरी पोर देणार नाही. टर्कीसारखी टर्की असते. उद्या बाजारातून दुसरी आणतो आणि नेऊन देतो. कोण ओळखतंय?"

दुसऱ्या दिवशी त्याने तशीच काळी टर्की शोधली, तिच्या गळ्यात तीच लाल फीत बांधली आणि ती बगलेत मारून ओढा ओलांडला. वाटेत तिने त्याची हॅट दोनदा पाण्यात पाडली.

अबुंदिओ दारातच बसला होता. फीत बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने टर्की घेतली, जमिनीवर ठेवली आणि तिच्या पायांकडे बघतच राहिला.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

"तुझीच आहे. फीत बघ."

"माझ्या टर्कीच्या डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं होतं. हिची सगळी शाबूत आहेत." तो सावकाश उठला. "म्हणजे माझी कापलीस, आणि वर स्वतःची घेऊन आलास?"

सेवेरोने तोंड उघडलं. पण अबुंदिओचे डोळे भरून आले होते.

"माझ्या लग्नात सासऱ्याने एक अंडंसुद्धा आणलं नव्हतं रे. आणि मी तुझ्यासारख्याला साबणवाला म्हणालो. तुझे बुडबुडे माझ्यापेक्षा जास्त टिकत होते, म्हणून जळलो मी. माफ कर, व्याही."

अठरा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते असं समोर येऊन उभं राहिल्यावर त्याला परत पाठवणं सेवेरोच्या जिवावर आलं.

"कसला साबण?" तो म्हणाला. "मला तर आठवतही नाही."

घरी आल्यावर त्याने भिजलेली हॅट खुंटीला लावली. "ठरलं," तो म्हणाला, "हासिंतोशीच. पण देल्फीना, तुला कोंबडी कापतानाही भोवळ येते. एवढी टर्की कापलीस कशी?"

"मी कुठे कापली? मला ती कापलेलीच मिळाली."

भट्टीपाशी निकोलासा वेळूच्या नळीने वाटीत मेस्काल सोडत होती. बुडबुडे टपोरे होते आणि फुटायचं नाव घेत नव्हते.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "कोंबड्या अंड्यावर आल्या होत्या."

सेवेरो खुराड्याकडे गेला. वाकून त्याने आत हात घातला आणि चारही कोपरे चाचपले. एकही अंडं नव्हतं.