बिनमोडक्या पायाचं प्लास्टर

हाड मोडलं की माणूस आजारी असतो आणि मन मोडलं की तो आळशी असतो, याबाबत शहाण्या समाजात कधीच दुमत नव्हतं. रुग्णालयाच्या प्लास्टरखोलीत काम करणाऱ्या ताईलाही हे तत्त्व पटत असे. पंचाईत एवढीच, की तिचा धाकटा भाऊ कैक महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता आणि त्याची सगळी हाडं शाबूत होती.

उपचारांत कसूर मात्र झाली नाही. मामांनी पहाटे धावायला सांगितलं. शेजारणीने लग्न सुचवलं (तिचं स्वतःचं झालेलं होतं, तरीही). तो कामाला होता त्या छापखान्याच्या साहेबांनी ‘प्रसन्न राहा’ या विषयावर व्याख्यान ठेवलं आणि न येणाऱ्यांचा पगार कापला. मनोविकार विभागाने पुढच्या हिवाळ्यातली तारीख दिली (तोवर रुग्णास धीर द्यावा, अशी तोंडी सूचना).

“ताई, मी जगून काय करू गं?” एका सकाळी त्याने विचारलं.

ताईने घर धुंडाळलं. धीर संपला होता. घरात होतं ते फक्त प्लास्टर.

“डावा की उजवा?” तिने विचारलं.

“काय?”

“पाय रे!”

“कुठलाही.”

दुपारी मामा फळं घेऊन धावत आले. “बाळा, उठू नकोस हं!” शेजारीण पेज घेऊन आली. साहेबांनी फोनवरच भरपगारी रजा दिली. मनोविकार विभागातल्या बाईंनी कुबड्या पाहून आधी खुर्ची दिली आणि मग थेट आतच पाठवलं. लंगड्याला ताटकळत ठेवायचं म्हणजे माणुसकी आहे की नाही!

एकदा प्लास्टरवरून हात फिरवत मामांनी विचारलं, “फार दुखतं का रे?”

हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. “हो मामा. फार,” म्हणत तो मामांच्या खांद्यावर ओक्साबोक्शी रडला. मामांनी पाय हलकेच उशीवर ठेवला.

डॉक्टरांची औषधं लागू पडली. तो जेवू लागला, चिडू लागला, ताईशी भांडूही लागला. प्लास्टर निघालं तेव्हा सगळ्यांनी हाडाचं कौतुक केलं.

मग एका संध्याकाळी मामा मागच्या दाराने आले. “पोरी, मला आपलं गुडघ्यापर्यंत पुरे.” पाठोपाठ शेजारीण आली. नंतर साहेब (व्याख्यान त्यांनीच दिलं होतं).

आज गल्लीत दर तिसरा माणूस लंगडतो. सगळे म्हणे न्हाणीघरात घसरले. प्रशासनाने गंभीर दखल घेऊन घरोघरी खरबरीत फरशा मंजूर केल्या आहेत. मनोविकार विभागातली दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामीच आहे. तिच्यावरून कुणी घसरल्याची तक्रार नाही.

ताई रविवारी घरीच असते. तुमचे दोन्ही पाय धडधाकट आहेत आणि तुम्ही हे सगळं निव्वळ गंमत म्हणून वाचताय, हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती काही विचारणार नाही. डावा की उजवा, तेवढं मात्र ठरवून या.