कोरगावकर आणि पोकळीचा प्रश्न

कोरगावकर कोणाच्याही घरी गेले, की यजमानांच्या आधी त्यांच्या कपाटाची विचारपूस करीत. उजव्या हाताचे मधले बोट वाकवून ते कपाटाचे दार ठोकीत, दाराला कान लावीत आणि डोळे मिटून निकाल देत, "वरून शिसवी, आतून रडके." एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला ते शीवला गेले होते. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तेव्हा हे गृहस्थ दिवाणखान्यातल्या पेटाऱ्याला कान लावून बसले होते. मुलीच्या वडिलांनी अदबीने विचारले, "मग, कशी वाटली?" कोरगावकर म्हणाले, "पोकळ आहे. पण आत कापूस भरला तर सुधारेल." ते स्थळ अर्थातच मोडले. मोडण्याचे कारण कोरगावकरांना अखेरपर्यंत कळले नाही.

गिरगावातल्या आमच्या चाळीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत आणि मी बरोबर त्यांच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर. न्यायालयात शिरस्तेदार म्हणून हयात घालवून मी निवृत्त झालो तो शांततेच्या अपेक्षेने. डोक्यावरच्या खोलीत करवत, हातोडी आणि कानस यांचा संसार चालू असेल, तर त्या अपेक्षेचे काय होते ते सुज्ञांना सांगायला नको. मी लेखी हरकत घेतली. भाडेकरूने शेजाऱ्याच्या सुखात व्यत्यय आणू नये हे कलम मी भाडेपावतीच्या मागील बाजूवरून शब्दशः उतरवून दिले, आणि तरीही ठोकाठोक थांबेना तेव्हा घरमालकाकडे प्रत पाठविण्याची ताकीदही दिली. कोरगावकर माझे पत्र घेऊन खाली आले. मला वाटले, क्षमा मागतील.

"अण्णासाहेब, पत्र खणखणीत आहे," ते म्हणाले. "पण सगळे वरचे सूर. खालचा सूर अगदीच नाही."

त्यानंतर मी त्यांना पत्रे लिहिणे सोडले नाही. उत्तराची अपेक्षा करणे तेवढे सोडले.

कोरगावकर फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून होते. कचेरी त्यांच्या पोटासाठी होती. जीव होता तो ध्वनिक्षेपकात. बाजारात जी किमती यंत्रे मिळत, त्यांत खर्जाला एक तोंड आणि टिपेला दुसरे तोंड अशी व्यवस्था असे. कोरगावकरांना ती थेट अनीती वाटे. "देवाने माणसाला एकच तोंड दिले आहे, साहेब. त्यातूनच तो घोरतो आणि त्यातूनच शीळ घालतो. मग याला दोन कशाला?" चोरबाजारातून कागदी शंकूचा एखादा जुना स्पीकर आणायचा आणि त्या एकाच शंकूतून खालचे, मधले, वरचे सगळे आवाज काढून दाखवायचे, हे त्यांचे व्रत होते. शंकू चांगला असून भागत नाही, त्याच्या पाठीमागची जागाही त्याला साजेशी लागते, असे ते म्हणत. त्या जागेच्या शोधात त्यांनी चहाची खोकी वाजवली, लोणच्याच्या बरण्या वाजवल्या, स्वतःच्या पलंगाची फळी कापली. जगातल्या कुठल्याही गोष्टीचे त्यांच्यापाशी एकच स्पष्टीकरण असे, "सगळा पोकळीचा प्रश्न आहे." ते दिवस द्वैभाषिक राज्याचे होते. दिल्लीच्या एखाद्या आश्वासनावर चाळीत वाद पेटला, तरी कोरगावकर गॅलरीतून मान बाहेर काढून सांगत, "आवाज मोठा आहे हो, पण पोकळी चुकलीय."

शेवटी त्यांना हवी ती पोकळी रांजणात सापडली. तो घ्यायला ते कुंभारवाड्यात गेले, आणि पिशव्या धरायला म्हणून दुर्दैवाने मीही बरोबर होतो. रांजण ठोकून घेणे ही आपली रीतच आहे, त्यास माझी हरकत नव्हती. परंतु कोरगावकर प्रत्येक रांजणात तोंड घालून "आ" म्हणत, मग "ई" म्हणत आणि नंतर, का कोण जाणे, "अहो, ऐकलंत का?" असे म्हणत.

कुंभाराने मला बाजूला घेतले. "शेट, ह्यांचं कोण हरवलंय काय आत?"

मी पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या. त्यांचे काय हरवले होते, ते मला ठाऊक होते. चाळीत सर्वांनाच ठाऊक होते.

कोरगावकरांच्या पत्नी सुधावहिनी म्हणजे तिसऱ्या मजल्याचे वर्तमानपत्र. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन ऐन भरात होते, तेव्हा रोज दुपारी त्या गॅलरीत बसून चाळीतल्या बायकांना बातम्या मोठ्याने वाचून दाखवीत आणि मधूनमधून सरकारला स्वतःचे चार शब्द सुनावीत. पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. परळच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबूज, आणि तीही कान तोंडाजवळ नेला तरच कळेल एवढी. बायका सुरुवातीस दोनदा-तीनदा विचारीत. मग न ऐकताच मान डोलवू लागल्या. त्यानंतर विचारीनाशा झाल्या.

संक्रांतीला शेजारच्या वाडीत हळदीकुंकवाचा समारंभ होता. तिथे भाड्याचा कर्णा लावला होता. कोरगावकरांनी मोठ्या हौसेने वहिनींना माईकपुढे उभे केले. कर्ण्यातून जे बाहेर आले त्यास मनुष्यवाणी म्हणता येणार नाही. तापल्या तेलात कोणी पापड सोडावा तसे ते होते. बायका हसल्या. वाईट मनाने नव्हे, पण हसल्या. वहिनी घरी आल्या आणि तेव्हापासून त्यांनी कुजबुजणेही सोडले. नवऱ्याला बोलावायचे असले तर त्या ताटावर चमचा वाजवीत.

"ओरडणाऱ्या पुढाऱ्यासाठी केलेले यंत्र आहे ते," कोरगावकर मला म्हणाले होते. एवढ्या रागात मी त्यांना प्रथमच पाहिले. "हळू बोलणाऱ्याची त्यात सोयच नाही. अण्णासाहेब, तिचा आवाज गेलेला नाही. तो आहे. फक्त त्याला जागा मिळत नाही. मी देणार आहे जागा."

याच सुमारास आमच्या रहिवासी मंडळाने स्वतःचा ध्वनिक्षेपक विकत घेण्याचे ठरविले. गिरगावात कोपऱ्याकोपऱ्यावर सभा होत होत्या आणि भाड्याचे कर्णे कधीच मोकळे मिळत नसत. मंडळाचा मी अध्यक्ष, चिटणीस पेडणेकर. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातले विलायती यंत्र पेडणेकरांच्या मनात भरले होते. त्याची किंमत ऐकून मी उभा होतो तो बसलो. एवढ्या पैशात माझ्या धाकट्या मुलीचे लग्न झाले होते, आणि तेही बँडसहित.

आम्ही दोघे आणि कोरगावकर ते पाहायला गेलो. कोरगावकरांनी आत शिरताच ठोकायला बोट वाकवले.

"ओ साहेब, हात नको! पॉलिश जाईल!" दुकानाचा माणूस ओरडला.

"पॉलिश ऐकायला आलो नाही मी. ह्यातून माणूस ऐकवा."

"माणूस म्हणजे? ऑर्केस्ट्रा लावतो ना, बघा काय बेस आहे! पोटात गुडगुड होईल."

"गुडगुडीला आमच्याकडे ओवा देतात," कोरगावकर म्हणाले आणि बाहेर पडले.

मंडळाच्या बैठकीत त्यांनी रीतसर मागणी केली, की विलायती यंत्र आणि आपला रांजण ही दोन्ही यंत्रे चाळीच्या चौकात समोरासमोर लावावीत आणि मगच निर्णय व्हावा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देणे मला मान्य होण्यासारखे नव्हते. मी मागणी मंजूर केली. परंतु परीक्षेत सुधावहिनींचा आवाजही घ्यावा, ही त्यांची उपसूचना पेडणेकरांना पटेना.

"अहो कोरगावकर, आपल्याला सभा घ्यायच्या आहेत. वहिनींबद्दल आदर आहे, पण त्या थोड्याच मुख्यमंत्र्यांना जाब विचारणार आहेत?"

"विचारत होत्या," कोरगावकर म्हणाले. "रोज दुपारी."

सभा तापू लागली. मी उपसूचना नियमबाह्य ठरविली. परीक्षा ज्या कामाची, त्याच कामाच्या कसोटीवर ती व्हायला हवी. चाळीच्या वेशीपाशी उभ्या असलेल्या माणसाला भाषण स्पष्ट ऐकू आले पाहिजे, एवढाच निकष मी लिहून दिला.

रविवारी सकाळी चौकात सतरंज्या अंथरल्या गेल्या. एका बाजूला विलायती यंत्र, चकचकीत, दुकानाच्या माणसासह. दुसऱ्या बाजूला लाकडी घडवंचीवर आडवा ठेवलेला रांजण; तोंडाला फळीचे कडे, कड्यात शंकू, आणि पोटात कोरगावकरांच्या जुन्या गादीचा कापूस. यंत्राजवळ माईक ठेवला तर शिट्टी वाजते, म्हणून तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत, दार लोटून, दुकानातून आलेला माईक ठेवला होता; तो आलटून पालटून दोन्ही यंत्रांना जोडायचा होता. पेडणेकरांनी आत जाऊन भाषण ठोकले. विलायती यंत्रातून ते वेशीपर्यंतच काय, ट्रामच्या रस्त्यापर्यंत गेले. रांजणातून पेडणेकर अगदी पेडणेकरांसारखेच ऐकू आले, त्यांच्या नाकातल्या किंचित सर्दीसकट. परंतु वेशीपाशी पोहोचेपर्यंत ते विरून गेले. पुरावा स्पष्ट होता. मी विलायती यंत्राच्या बाजूने निकाल दिला.

कोरगावकर वाद घालतील म्हणून मी सबबी तयार ठेवल्या होत्या.

"निकाल मान्य," ते म्हणाले. "फक्त एक तोंडी अर्ज आहे. माईक अजून रांजणाला जोडलेला आहे. असा माईक मला कुठे उसना मिळत नाही, अण्णासाहेब. पाच मिनिटे."

नियमबाह्य काय ते परीक्षेपुरते होते आणि परीक्षा संपली होती. मी मान हलवली. कोरगावकर वहिनींना तिसऱ्या मजल्यावरून कसेबसे खाली घेऊन आले. वहिनींनी कोणाकडे पाहिले नाही. दोघे मंडळाच्या खोलीत गेली, दार लोटले गेले. आणि माईक चालूच असल्याने आतले खासगी बोलणेही चौकात ऐकू जाईल, हे त्या उत्साही गृहस्थाच्या ध्यानीही नव्हते.

रांजण बोलू लागला.

"नको हो. परत हसतील."

तो आवाज लहान होता, खरखरीत होता, पण बाईचा होता. चौकातल्या बायका एकदम रांजणाकडे वळल्या. त्यांतल्या कित्येकींनी तो दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"हसू देत," कोरगावकरांचा आवाज. "तू लोकांशी बोलूच नको. माझ्याशी बोल."

"तुमच्याशी काय बोलू?"

"काहीही. मी बाहेर जातो. मला बाहेर ऐकायचंय."

कोरगावकर धावत बाहेर आले आणि रांजणासमोर, अगदी जवळ, मांडी घालून बसले. चौकाकडे त्यांची पाठ होती. बराच वेळ रांजणातून नुसता श्वास येत राहिला.

"सदरा उसवलाय तुमचा," रांजण म्हणाला. "पाठीवर. सकाळपासून सांगतेय खुणेनं, तर तुमचं लक्ष नाही. तसेच आलात चारचौघांत."

सर्व चौकाने कोरगावकरांच्या पाठीकडे पाहिले. सदरा खरोखरच खांद्यापासून उसवला होता. कोणीतरी फिसकन हसले, आणि मग ते हसू साऱ्या सतरंज्यांवर पसरले.

आतला आवाज थांबला.

कोरगावकर हलले नाहीत. मान मात्र त्यांनी खाली घातली. त्या क्षणी मला हसणाऱ्यांविरुद्ध करता येईल अशी एकही कारवाई सुचली नाही, याची चीड मला आजही आहे. मग पेडणेकरांच्या पत्नी सतरंजीवरून उठल्या आणि लोटलेल्या दाराच्या दिशेने, सभेचा कोणताही शिष्टाचार न पाळता, ओरडल्या, "सुधाताय, आमच्याकडे काय येगळा नाय गो! ह्यांच्या धोतराक तर भोक पडला हा! तू बोल!"

आता जे हसू उठले ते निराळे होते. पेडणेकर धोतर सावरू लागले. आणि रांजणातून, थोडा वेळ घेऊन, खरखरीत, अडखळत, पण नक्की, हसण्याचा आवाज आला.

त्यानंतर वहिनी थांबल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याची छत्री काढली, आंघोळीला लावलेला उशीर काढला, गेल्या दिवाळीत सासुरवाडीला न गेल्याचे काढले. कोणा बाईने गॅलरीतून काही विचारले, तिलाही उत्तर दिले. मध्येच त्या दमत, घोटभर पाणी पीत आणि पुन्हा सुरू होत. कोणाचेही बोलणे कधी शेवटपर्यंत न ऐकणारे कोरगावकर एकेका आरोपाला मान डोलवीत होते. एकदा त्यांनी हात पुढे करून रांजणाच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"अण्णासाहेब," पेडणेकर माझ्या कानाशी कुजबुजले, "पाच मिनिटे कधीच झाली. दुकानाचा माणूस खोळंबलाय. माईक न्यायचा म्हणतो."

अध्यक्षांच्या मेजावर पितळी घंटा असते. वक्त्याची वेळ संपली की ती वाजवायची, हा नियम मीच केलेला होता. मी घंटा उचलली, ती चुकूनही वाजू नये म्हणून तिचा लोलक मुठीत घट्ट धरला, आणि तशीच मांडीवर घेऊन ऐकत बसलो.