अठ्ठावीस गोळ्यांची वाटणी

दवाखान्याच्या बाकावर बसून चिमणाबाईंनी दहा गोळ्या एका दमात गिळल्या, तेव्हा आपण मैत्रिणीवरचं संकट टाळतोय एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. साठ माणसांचं औषध बंद पडणं, गल्लीभर बोभाटा होणं आणि शहाण्यासुरत्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावणं, हे सगळं त्यानंतरचं.

चिमणाबाईंना रक्तातून येणारी कावीळ होती. हिपॅटायटिस सी. कधीकाळी ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. औषध सुरू झालं, आणि त्याच्या जोडीला कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात एक अभ्यास चालू होता, त्यात त्यांचं नाव घातलं गेलं. मूळ औषधासोबत जस्ताची गोळी दिली तर गुण लवकर येतो का, ते बघायचं होतं.

"जस्त म्हंजे बादलीला असतंय त्ये?" चिमणाबाईंनी विचारलं होतं.

"तेच, मावशी. पण चिमटीभर," अभ्यासाचं काम बघणारी संयोगिता हसली होती. "निम्म्या लोकांना जस्ताची गोळी मिळणार, निम्म्यांना साधी, पिठाची. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला कुठली, ते मलाही माहीत नाही आणि डॉक्टरसरांनाही नाही."

"मग म्हाईत कुणाला हाय?"

"पुण्याच्या कॉम्प्युटरला."

दर मंगळवारी यायचं, रक्त द्यायचं, रिकामी बाटली परत करून चौदा गोळ्यांची भरलेली बाटली घ्यायची. बाटलीत तीनपेक्षा जास्त गोळ्या उरल्या, तर अभ्यासातून नाव कमी. सकाळ-संध्याकाळ एकेक, आणि ती जेवल्यावरच.

खरं सांगायचं तर चिमणाबाईंना त्या जस्ताचं काही पडलं नव्हतं. त्यांना मंगळवार हवा होता. आजार कळल्यापासून घरात त्यांचा कप वेगळा झाला होता. सून वाईट नव्हती. डॉक्टरांनी सांगितलंही होतं, की हा आजार उष्ट्यानं पसरत नाही. पण घरात लहान लेकरू होतं आणि भीतीला कोण समजावणार? कोनाड्यातला तो निळा कप बघितला, की चिमणाबाईंना चहा घशाखाली उतरायचा नाही.

मंगळवारच्या बाकावर मात्र कागलच्या पद्मावती भेटायच्या. त्याच आजाराच्या, त्याच अभ्यासातल्या. पहिल्याच दिवशी पद्मावतींनी आपल्या उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली पुढं केली होती. "प्या की वैनी, त्वांड किती सुकलंय." चिमणाबाईंनी वरून धार धरली, तर म्हणाल्या, "तोंड लावून प्या. आपलं दोघींचं एकच दुखणं, आता कसली शिवाशीव?"

त्या दिवसापासून चिमणाबाई जैन पद्मावतींसाठी मंगळवारचा डबा बिनकांद्याचा, बिनलसणाचा करू लागल्या. कोल्हापूरच्या बाईनं कांदा-लसूण चटणी सोडायची म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

घोळाला सुरुवात तिसऱ्या मंगळवारी झाली.

"अक्का, माझ्या त्वांडाला लोखंड चाटल्यागत चव येतीया," चिमणाबाई म्हणाल्या. "तुमच्या?"

"न्हाई बाई. काय बी न्हाई."

चिमणाबाईंचा घास हातातच राहिला. म्हणजे खरी गोळी आपल्याला, आणि हिला पीठ! जिनं तोंड लावून पाणी पाजलं, तिच्या वाट्याला पीठ! त्यांनी तिथल्या तिथं बाटली पुढं केली. पद्मावती घेईनात. दोघींची बरीच ओढाताण झाली आणि शेवटी तोड निघाली. दोन्ही बाटल्या डब्याच्या झाकणात ओतायच्या, अठ्ठावीस गोळ्या हातानं कालवायच्या आणि चौदा-चौदा वाटून घ्यायच्या.

"शेंगदाणं वाटल्यागत दिसतंय," पद्मावती म्हणाल्या.

"वाटून खाल्लेलं अंगी लागतंय," चिमणाबाई म्हणाल्या.

पुढं दर मंगळवारी वाटणी ठरूनच गेली. आत खुर्चीवर बसून संयोगिता रिकाम्या बाटल्या बघायची आणि "शंभर टक्के" लिहायची.

मग आलं पर्युषण. त्यानंतरच्या मंगळवारी पद्मावतींनी पिशवीतून बाटली काढली, तर ती खुळखुळली.

"पाच दिवस उपवास केलता," त्या खाली बघत म्हणाल्या. "गोळी जेवल्यावर घ्यायची म्हणत्यात. जेवणच न्हाई तर गोळी कशी घ्यायची? दहा राहिल्यात. तुमीच घ्या वैनी. गेल्या खेपंला तुमचा रिपोर्ट बी बरा नव्हता."

तेवढ्यात आतून संयोगितानं हाक मारली, "पद्मावतीकाकू, या."

दहा गोळ्या! म्हणजे नाव कमी. म्हणजे पुढच्या मंगळवारपासून बाकावर एकटं. गोळ्या पिशवीत लपवता आल्या असत्या, पण तेवढं सुचायला वेळ कुठं होता? टाकून द्यायचं तर चिमणाबाईंनी आयुष्यात ताटात शीत टाकलं नव्हतं. त्यांनी बाटली तोंडावर उपडी केली, वर पाणी ओतलं आणि मोकळी बाटली पद्मावतींच्या हातात कोंबली.

"जावा आता."

"वैनी, एकदम?" पद्मावती रिकाम्या बाटलीकडं बघत म्हणाल्या.

"जावा म्हणते न्हवं!"

दुपारी घरी आल्यावर चिमणाबाईंना भूक लागली. परवाच्या अळूवड्या होत्या, त्या टाकवेनात म्हणून खाल्ल्या. पाच वाजता पोटात कालवलं, सहाला उलट्या सुरू झाल्या. मुलगा सम्राट घाबरला. दवाखान्यानं दिलेल्या कार्डावर लिहिलं होतं, 'काही त्रास झाल्यास ताबडतोब कळवा.' त्यानं कळवलं. आणि दवाखान्यानं, नियमाप्रमाणं, गाडी पाठवली.

दिवे फिरवत गाडी गल्लीत शिरली. मागोमाग चिमणाबाईंचं अख्खं गाव, गडमुडशिंगी.

"काय झालंय वो?"

"औषधाचा प्रयोग केलाय म्हणं म्हातारीवर!"

"उंदरावर करत्यात त्यो?"

"उंदीर मिळाला नसंल!"

सकाळी चिमणाबाई खाटेवर उठून बसल्या तेव्हा उलट्या थांबल्या होत्या, पण बाकी सगळंच सुरू झालं होतं. गोळीनं बाधा झाली असावी म्हणून अभ्यासातल्या साठही जणांच्या गोळ्या थांबवल्या होत्या. पुण्याहून चौकशीला माणसं निघाली होती. सर संयोगिताला विचारत होते, "मोजणी नीट केली होतीस ना?" आणि ती मान खाली घालून "हो सर" म्हणत होती. मधेच तिचा फोन वाजला. कोपऱ्यात जाऊन ती हलक्या आवाजात म्हणाली, "ताप उतरला का गं तिचा? वरण-भात भरव तिला. मला आज यायला उशीर होईल." फोन ठेवून तिनं ओढणीनं डोळे पुसले.

चिमणाबाईंना ते बघवेना. कुणाची तरी लेक घरी तापानं फणफणलेली आणि आपण इथं गप्प बसून राहिलोय!

"सायेब," त्या म्हणाल्या, "त्या पोरीला बोलू नगा. दहा गोळ्या मीच खाल्ल्या, एकदम."

"दहा? तुमच्याकडं जास्तीच्या दहा आल्या कुठून?"

इथं चिमणाबाई अडल्या. पण पाऊल पडलं होतं. पद्मावतींचं नाव तोंडून गेलं, मग झाकण, मग अठ्ठावीस गोळ्या, मग पाच आठवड्यांची वाटणी. सर खुर्चीत बसले. संयोगिता उभीच राहिली.

सरांनी पुण्याला फोन लावला आणि दोघींच्या नावांपुढची गुपितं उघडायला लावली. पलीकडून आलेलं उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मावशी, दोघींच्याही गोळ्या साध्याच होत्या. पिठाच्या. दहा काय, शंभर खाल्ल्या असत्या तरी काही झालं नसतं. उलट्या तुमच्या अळूवड्यांच्या."

"आणि त्वांडाची ती चव?"

"ती तुमच्या मनाची."

साठ जणांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. वाटणी करणाऱ्या दोघींची नावं मात्र कमी झाली. मूळ औषध आता आपापल्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात मिळणार होतं. चिमणाबाईंना ते बरोबरच वाटलं. खंत एकाच गोष्टीची होती. ज्या नावासाठी दहा गोळ्या गिळल्या, तेच नाव आपण आपल्या तोंडानं बुडवलं.

दुसऱ्या दिवशी त्या सही करायला आल्या, तर बाकावर पद्मावती बसलेल्या. काय बोलावं याची जुळवाजुळव करत चिमणाबाई जवळ गेल्या, तर पद्मावतीच उठल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. पर्युषण संपलं, की वर्षभरात दुखावलेल्या माणसाची क्षमा मागायची त्यांच्याकडं रीत असते.

"वैनी, क्षमा करा."

"अवो, तुमी कशाला? नाव मी फोडलं तुमचं!"

"ऐका तर. उपास पाच न्हाई, दोनच केलते. गोळ्या मुद्दाम राखून ठेवल्या. तुमचा रिपोर्ट बरा न्हाई आला म्हणून. सरळ दिल्या असत्या तर घेतल्या नसत्या तुमी." त्यांनी पुन्हा हात जोडले. "पर्युषणाच्या नावानं खोटं बोलले मी. आणि ते बी पिठाच्या गोळ्यांसाठी!"

चिमणाबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता कधी रडू आलं ते त्यांनाही कळलं नाही. दोघी एकमेकींचे हात धरून तशाच बसून राहिल्या. दोघींच्या मनात एकच हिशेब चालू होता. आता दवाखान्याचं निमित्त नाही. घरात काय सांगून निघायचं?

संयोगिता कागद घेऊन बाहेर आली. तिनं दोघींच्या सह्या घेतल्या. रागवावं असं तिच्या मनात असावं, पण ते तिला जमलं नाही.

"आणि हे बघा," ती म्हणाली, "नाव कमी झालं तरी नियमानं चार आठवडे तुमच्यावर लक्ष ठेवावं लागतं. नुसती तपासणी, गोळ्या नाहीत. दर मंगळवारी यायचं. उगाच हेलपाटा, पण माझा इलाज नाही."

दोघींनी एकदमच विचारलं,

"चारच?"