बेडूक जागचा हलेना

"पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलंय का?" असं मिस्त्री दिवसातून तीनदा विचारायचे, आणि तिन्ही वेळा जावयाकडे बघून.

जावई त्याच कारखान्यात इंजिनिअर. म्हणजे घरी गादीवर बसवायचा माणूस, आणि कारखान्यात डोक्यावर बसलेला. मिस्त्रींची बावीस वर्षं ग्रीसमध्ये गेलेली. शाळा त्यांनी सोडली की शाळेने त्यांना, यावर दोन मतं होती, पण कुठलंही मशीन कानाने ऐकून त्याचं दुखणं सांगत. असल्या माणसाला कालच्या पोराने नकाशे दाखवायचे!

कारखान्यात जमिनीवर, चिखलात आणि पाण्यात चालणारी गाडी बनत होती. कागदावर तिचं नाव 'उभयचर सर्वभूमी वाहन'. ते म्हणेस्तोवर पूर ओसरेल, म्हणून सगळे तिला बेडूक म्हणत. बेडकाच्या दोन्ही अंगांना चाकांवरून फिरणारा रबरी पट्टा. चिखलात त्यानेच ओढायचं, पाण्यात त्यानेच वल्ह्यासारखं ढकलायचं. पण चिखलात पट्टा नुसता घसरायचा, आणि पाण्यात बेडूक इतका सावकाश जायचा की बदकं ओलांडून पुढे जात आणि मागे वळून बघत.

पूर-बचाव खात्याने शेवटचं कळवलं होतं: पुढच्या चाचणीत गाडी चालली नाही तर ऑर्डर रद्द. मालकांनी त्याला स्वतःचं शेपूट जोडलं: ऑर्डर रद्द तर पट्टा-विभाग बंद, आणि मिस्त्री गोदामात, नट निवडायला.

"बाबा," जावई म्हणाला, "पट्ट्यावरची पाती बोटभर वाढवू. आणि वरच्या बाजूला मडगार्ड हवंच, पार खालपर्यंत उतरलेलं."

"वर कशाला?"

"पट्टा खालून मागे जातो आणि वरून पुढे येतो. वरची बाजू पाण्यात बुडाली तर..."

"बुडेल कशाला? मी गाडी बनवतोय, विहीर खणत नाहीये."

मिस्त्रींनी पाती बोटभर नाही, चांगली चार बोटं वाढवली. लोखंडी, एकेक हाताने घासलेली. जावयाने बसवून घेतलेलं मडगार्ड मात्र उचकटून कोपऱ्यात फेकलं, कारण त्यात चिखल गच्च बसून पट्टा अडकायचा. हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि तिथेच घात झाला. माणूस पूर्ण चुकला तर कुणीतरी अडवतं. अर्धा बरोबर असला की त्याला देवही आवरत नाही.

चिखलातली चाचणी बघायला अख्खा कारखाना लोटला. बेडूक असा सुसाट गेला की मालक पांढऱ्या शर्टासकट चिखलाने माखले, डोळे तेवढे कोरडे राहिले. मग तळ्यात. ड्रायव्हर एकटा. हा ड्रायव्हर अंगाने इतका किरकोळ की त्याने हॉर्न वाजवल्याशिवाय गाडीत कुणी आहे हे कळत नसे. बेडूक दोन मिनिटांत पैलतीरी.

"आता माणसं भरून एकदा बघू," जावई म्हणाला.

"माणसं भरून? बस आहे का ही?"

"बचावाची गाडी आहे, बाबा. माणसंच भरायची असतात."

"बदकं मागे पडली, दिसलं ना? मग सोडा आता."

संध्याकाळी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, "जावयाचं एकदा ऐकलं तर कान झडतील का तुमचे?"

"कारखान्यातला जावई वेगळा, घरातला वेगळा."

"मग घरातल्याचं ऐका."

मिस्त्रींनी आणखी एक भाकरी मागून घेतली. मडगार्ड कोपऱ्यातच राहिलं.

चाचणीच्या दिवशी खात्याच्या मोठ्या बाई आल्या, सोबत दोन सहायक. तिघंही गाडीत बसली. ड्रायव्हर होताच. जावई बसला. मिस्त्रींनी तर बसायलाच हवं. नवरदेवाशिवाय लग्न कसलं? वर त्यांनी जादा पात्यांचं एक पोतं आत ओढून घेतलं, बाईंना हातात धरून बघता यावीत म्हणून. मालक काठावर उभे राहिले. त्यांचा दुसरा शर्टही पांढराच होता.

उतारावरून बेडूक पाण्यात शिरला, त्याच झोकात तळ्याच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

इंजिन डरकाळ्या फोडत होतं, पट्टे गरागरा फिरत होते, दोन्ही बाजूंना फेसाचे डोंगर. बेडूक मात्र खांबाला बांधल्यासारखा. बाईंनी काठावरचं झाड बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. झाड तिथेच होतं.

"थांबवलीत का?" त्यांनी विचारलं.

"हो," मिस्त्री म्हणाले. "ती सोय आहे."

"कसली सोय?"

"पुरात गाडी वाहून जाते ना, बाई. आपली जागेवर उभी राहते. नांगर नको, दोर नको."

जावयाने डोळे मिटून घेतले. बाई मात्र खूश. "वा. हे कुणालाच सुचलं नव्हतं. लिहून घ्या." सहायकाने लिहून घेतलं. "चला आता पुढे."

मिस्त्रींनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरने खांदे उडवले. ॲक्सिलरेटरवरचा त्याचा पाय केव्हाच तळाला टेकला होता.

"जाते," मिस्त्री म्हणाले. "जरा दमाने."

पाच मिनिटं गेली. काठावरून मालक दोन्ही हातांनी बोलावत होते. बदकं आली, बेडकाला फेरी मारून गेली.

मिस्त्रींनी वाकून बाहेर बघितलं. सहा माणसं आणि पोतं, एवढ्या भाराने गाडी इतकी खाली बसली होती की पट्ट्याची वरची बाजूही पाण्यात होती. खालची पाती गाडीला पुढे लोटत होती, आणि झाकायला मडगार्ड नसल्याने वरची तितक्याच इमानदारीने मागे. चार बोटांची पाती. त्यामुळे भांडणही चार बोटांचं.

जावई काही बोलला नाही. त्या न बोलण्याने मिस्त्री जास्तच पेटले. बोलला असता तर निदान ओरडता आलं असतं.

"भार कमी करायला हवा," शेवटी तो हळूच म्हणाला.

मिस्त्रींनी पोतं उचललं. महिनाभराची मेहनत. बाईंना त्यातलं एक पातंही दाखवून झालं नव्हतं. पोतं बुडबुडे सोडत तळाला गेलं. बेडूक बोटभर वर आला, पण जागचा हलला नाही.

"अजून," जावई म्हणाला, आणि स्वतःच्या बुटांचे बंद सोडू लागला.

"बस खाली," मिस्त्री गुरकावले. "तुझं वजन ते काय? लेकीला काय सांगू मी, तुला तळ्यात सोडून आलो?" मग बाईंकडे वळून अगदी ताठ मानेने म्हणाले, "पाती चुकलेली नाहीत. लिहून घ्या." आणि नव्वद किलोचा तो देह कपड्यांसकट पाण्यात पडला.

लाट उठली, सहायकाची वही भिजली, आणि बेडूक हिसका देऊन वर आला. वरची पाती निम्मी उघडी पडली. फट् फट् फट् करत तो असा निघाला की ड्रायव्हरला वळवताही येईना. सरळ काठावर चढून मालकांच्या पायाशी थांबला. दुसरा शर्टही गेला.

मिस्त्री पोहत आले. अर्ध्या वाटेत बदकांनी त्यांना मागे टाकलं. काठावर जावयाने हात दिला. तो त्यांनी घेतला, पण त्याच्याकडे न बघता.

"मडगार्ड लावतो," ते तोंडातलं पाणी थुंकून म्हणाले. "चिखल बाहेर पडायला त्याला मागून भोकं ठेवीन, ती माझ्या मनाने. आणि पाती केसभरही कापणार नाही."

"नका कापू," जावई म्हणाला. "मापं घरी बसून काढू."

बाईंनी गाडी नापास केली नाही. पंधरा दिवसांनी मडगार्ड लावून पुन्हा चाचणी, असं ठरलं. पट्टा-विभाग तोवर वाचला. भिजलेल्या वहीतला अहवाल मालकांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला: "पट्ट्याची कामगिरी समाधानकारक. मात्र तो बनवणारा गाडीतून उतरल्यानंतरच."

कारखाना हसून लोळला. मिस्त्री शर्ट पिळत होते.

"समाधानकारक लिहिलंय ना?" ते म्हणाले. "मग पुढचं वाचायची गरज नव्हती."